वारा उत्तरेचा असेल तर

केमचीच्या चढावर एदुवीना कार्कामोचं घर.
गळतं, म्हणाली, पण रोज नाही.
सरळ पावसात आठ-आठ दिवस कोरडं ठणठणीत;
उत्तरेचा वारा सुटला की मात्र
जेवणाच्या टेबलावर, नेमका मिठाच्या वाटीत,
टप्.
टेबल तिनं भिंतीकडे सरकवलं.
दोन दिवसांनी थेंबही सरकला.

रोसामेल मामा हसला नाही.
चिलोए बेटावर पावसाला कुणी हसत नाही.

मी तेव्हा सतराची, शिडी धरणारी.
मामा म्हणायचा, गळकं छप्पर म्हणजे लबाड पोर,
लागतं एकीकडे, रडतं दुसरीकडे.
जिथं टपकतं तिथं बघत बसू नकोस.
माळ्यावर आम्ही पोटावर सरपटत गेलो,
बटाट्यांची पोती, न धुतलेली लोकर,
उंदरांनी कुरतडलेला एक पांढरा बूट.
टॉर्चच्या उजेडात वाशाच्या पोटाला
ओली रेघ चमकली, गोगलगाय जाऊन गेल्यासारखी.
रेघेमागून आम्ही. गाठीला वळसा घालून,
कोळ्याच्या जाळ्यापाशी जरा थबकून,
सात हात वर, पार धुराड्याच्या बुंध्याशी.
तिथं मामानं कोळशानं फुली मारली
आणि आभाळ उघडायची वाट बघितली.
नऊ दिवस.

दहाव्या दिवशी तो चढला,
कमरेचा दोर पलीकडच्या सफरचंदाच्या बुंध्याला.
आधी शेवाळ खरवडलं. शेवाळ पाणी पितं,
आणि पोट भरलं की कौलांखाली ओकतं.
आलेर्सेच्या लाकडाची कौलं, चांदीसारखी करडी झालेली;
दोन चिरली होती, बदलली.
"ही नव्हेत," म्हणाला, "ही नुसती म्हातारी आहेत."
मग झारीनं पाणी, खालून वर, एकेक ओळ.
एकदम वरूनच ओतलं
तर कुठून शिरलं ते कळणार कसं?
आत एदुवीना पळी घेऊन उभी,
थेंब दिसला की पातेल्यावर एक ठोका.
पहिली ओळ. गप्प.
चौथी. गप्प.
धुराड्याच्या डोक्यावरून अख्खी झारी. गप्प.
मामा बराच वेळ समुद्राकडे बघत बसला.
मग बादली मागितली, आणि उत्तरेकडे पाठ करून
पाणी खालून वर फेकलं, वारा फेकतो तसं.

ठण्ण.

धुराड्याभोवतीचा पत्रा त्यानं उचकटला.
एक पत्रा दुसऱ्यावर चार बोटं चढायला हवा,
हा दीडच बोट चढला होता.
आढ्याचं पाणी वळचणीलाच जातं, खरंय,
पण मागून वारा ढकलत असला
तर दीड बोट चढून जायला त्याला कितीसा वेळ!
मामानं पत्रा उलटा केला.
मागे खिळ्यानं कोरलेलं एक अक्षर, खाली साल.
ते अक्षर मी ओळखायचे. प्रत्येक पत्र्याच्या पाठीवर
तो ते कोरायचा, जिथं कुणाला दिसणार नाही तिथं.
त्या दिवशी पत्रा कमी पडला होता,
की अंधारून आलं होतं, की खाली कुणी जेवायला हाका मारत होतं,
मी विचारलं नाही.
शिडी धरून राहिले.

नवा पत्रा चढवला, चार बोटं, वर आणखी एक.
खिळे वरच्या काठाला, त्यांची डोकी पुढच्या ओळीखाली झाकून;
उघडं डोकं पावसाला वाट दाखवतं.
सांध्यात डांबर, अंगठ्यानं दाबून.
या वेळी मागे काही कोरलं नाही.

"काय होतं मग?" एदुवीनानं विचारलं.
"वारा," मामा म्हणाला.
आणि ते खोटं नव्हतं.
पैसे घेतले नाहीत. तिनं गावभर सांगितलं,
असा माणूस आता शोधून सापडायचा नाही.
मामा त्या आठवड्यात दुकानाकडे फिरकलाच नाही.

जुना पत्रा त्यानं टाकून दिला नाही.
कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकला, अक्षर वरच्या बाजूला,
येणारा-जाणारा पाऊस वाचेल असं.
मामा गेला, खुराडं अजून आहे.
गळतं थोडं, वारा उत्तरेचा असेल तर.
कोंबड्या सरकून बसतात.